वनरक्षक व्हायचे असेल तर आधी काय शिकावे

महाराष्ट्राच्या वनखात्यातील नोकरी बहुतेकांसाठी वनरक्षक या पदापासून सुरू होते. वनरक्षकाच्या ताब्यात एक नियतक्षेत्र (बीट), म्हणजे राखणीसाठी ठरवून दिलेला जंगलाचा भाग, असते, काही नियतक्षेत्रे मिळून वनपालाचे परिमंडळ होते आणि परिमंडळे मिळून वनक्षेत्रपालाचे परिक्षेत्र. भरतीत मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर धावावे लागते, त्यामुळे तयारी करणाऱ्यांचा बराचसा वेळ मैदानावर आणि सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत जातो. ते आवश्यकच आहे. परंतु नेमणूक झाल्यावर रोज उपयोगी पडणारी कौशल्ये वेगळी आहेत आणि त्यांतली बरीचशी भरतीआधीच शिकता येतात.

पहिले कौशल्य झाडे ओळखण्याचे. पानांवरून झाड ओळखणे तुलनेने सोपे असते, पण विदर्भातील पानझडी जंगलात तोडीचा आणि वणव्याचा धोका सर्वाधिक असतो तेव्हा नेमकी पानेच नसतात. म्हणून सालीवरून ओळखण्याची सवय करावी. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, धावड्याची गुळगुळीत व पांढुरकी, तेंदूची काळी आणि चौकोनी खवल्यांची. मोहाला खाच पडली की दुधी चीक येतो. जवळच्या एखाद्या टेकडीवरील ठरावीक झाडे वर्षभर दर महिन्याला पाहून त्यांची पालवी, फुले, फळे आणि पानगळ वहीत नोंदवत गेल्यास जे ज्ञान मिळते, ते छापील तक्त्यांतून मिळत नाही.

यानंतर मोजमाप. उभ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे छातीच्या उंचीवर घेतात. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने मोजावी. तोडलेल्या लाकडाचे घनफळ काढण्याची जुनी रीत अशी की मधल्या घेराचा चौथा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि लांबीने गुणावे. १.२० मीटर घेराचा व ३ मीटर लांबीचा ओंडका या हिशेबाने ०.२७ घनमीटर भरतो. प्रत्यक्ष घनफळ सुमारे ०.३४ घनमीटर असते, म्हणजे ही रीत साधारण एक पंचमांश लाकूड कमी दाखवते. हिशेब कोणत्या रीतीने केला, हे म्हणूनच नोंदवहीत लिहिलेले असावे.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कौशल्य लेखनाचे आहे. अवैध तोड सापडली की गुन्हा नोंदवणे, पंचनामा, जप्तीनामा आणि जबाब ही सारी कामे लेखी होतात, आणि न्यायालयात प्रकरण टिकते ते त्या कागदांच्या बळावर. ‘सागाची काही झाडे तोडलेली आढळली’ असे वाक्य निरुपयोगी आहे. कक्ष (जंगलाचा क्रमांक दिलेला तुकडा) क्रमांक, जीपीएसवरील अक्षांश-रेखांश, प्रत्येक थुटाचा (तोडीनंतर उरलेल्या बुंध्याचा) घेर व उंची, तोड ताजी की जुनी, कुऱ्हाडीची की करवतीची, जप्त मालाचा घेर थुटाशी जुळतो का, हे सर्व जागेवरच लिहावे लागते. भारतीय वन अधिनियम १९२७ आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ हे कायदे वाचताना कलमांचे आकडे पाठ करण्यापेक्षा त्या कलमाखाली गुन्हा सिद्ध करायला कोणता पुरावा लागेल, असा प्रश्न विचारत वाचावे.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून मानला जातो आणि जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, त्याआधी साफ करून घ्याव्या लागतात. आग चढावर वेगाने धावते, त्यामुळे पेटत्या उताराच्या वरच्या बाजूला उभे राहू नये, हा नियम नवख्याने सर्वांत आधी लक्षात ठेवावा. वणव्याला जळायला काही उरू नये म्हणून समोरून उलट आग लावण्याचे काम अनुभवी माणसांवरच सोपवावे. बरेच वणवे मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळल्याने किंवा तेंदूला चांगली पालवी फुटावी या समजुतीतून लागतात. ते विझवण्याची तयारी हवीच, पण ते लागू नयेत यासाठी फेब्रुवारीआधी गावात बसून बोलणे अधिक परिणामकारक ठरते.

इथे माणसांशी वागण्याचा प्रश्न येतो आणि तो नुसत्या गोड बोलण्याने सुटत नाही. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे बांबू आणि तेंदूपाने गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून इतर वनउत्पादनांत, मोडतात. सामूहिक वनहक्क, म्हणजे असे वनोपज घेण्याचा साऱ्या गावाचा हक्क, मिळालेल्या गावातील माणसाला बांबूची मोळी नेताना अडवणारा वनरक्षक स्वतःच कायद्याच्या चुकीच्या बाजूला उभा राहू शकतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे असे हक्क मिळवलेल्या पहिल्या गावांपैकी एक. तेव्हा आपल्या हद्दीतील कोणत्या गावाला कोणता हक्क मिळाला आहे, याची माहिती रुजू होताच घ्यावी. गडचिरोलीत काम करायचे असेल तर गोंडी, मेळघाटात कोरकू, निदान विचारपूस करण्यापुरती तरी शिकावी. बिबट्या विहिरीत पडला किंवा वाघाने गुरे मारली की प्राण्याइतकाच जमावही आवरावा लागतो, आणि ओळखीच्या माणसाचे ऐकण्याची शक्यता तेव्हा अधिक असते.

पुढे जाण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची चार वर्षांची पदवी घेता येते. वनक्षेत्रपाल व सहायक वनसंरक्षक ही पदे राज्य लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात, तर भारतीय वन सेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. तिच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना ४ तासांत २५ आणि स्त्रियांना १४ किलोमीटर चालावे लागते.