गदिमांचं कार्ड कुठं लावायचं?

आमच्या सांगलीकडचे माडगूळकर म्हणजे घरचेच, पण वाचनालयाच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकं शोधायच्या कार्डांच्या यादीत, तेच हरवायचे. कुठं ‘ग. दि.’, कुठं ‘गदिमा’, त्यात ‘गू’ कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ. नवीन असताना मीच त्यांची तीन कार्डं केली होती!

मुखपृष्ठावर जाऊ नका, आतलं शीर्षकपान बघा. जास्तीत जास्त पुस्तकांवरचं रूप धरून आडनाव पुढं घ्या: ‘माडगूळकर, ग. दि., १९१९-१९७७’. सालामुळं नामबंधू वेगळे राहतात. ‘गदिमा’च्या कार्डावर फक्त ‘माडगूळकर, ग. दि. पाहा’. धाकटे व्यंकटेश अर्थातच स्वतंत्र.

शिरवाडकरांचं मात्र निराळं. कवितेला कुसुमाग्रज, नाटकाला वि. वा. शिरवाडकर, दोन्ही नोंदी ठेवून एकमेकींत ‘हेही पाहा’ लिहा.