मोठा सीपीयू कूलर बसवताना या चुका टाळा

"कूलर बसला, पण कॅबिनेटचं साइड पॅनल लागत नाहीये." माझ्याकडे मदतीसाठी येणारे बरेचसे फोन याच वाक्याने सुरू होतात. रॅमची उंची किती, असं विचारलं की पलीकडचा गप्प होतो, कारण ती मोजलेलीच नसते.

लोक दोनच आकडे बघतात: कूलरची उंची आणि कॅबिनेटमध्ये मावणारी उंची. दोन टॉवरच्या (म्हणजे धातूच्या पात्यांचे दोन उभे गठ्ठे असलेल्या) कूलरला तिसरा आकडा असतो रॅमचा, आणि घात तोच करतो. नॉक्चुआ कंपनीचा एनएच-डी१५ कूलर घ्या. दोन्ही पंख्यांसह उंची १६५ मिमी, पुढच्या पंख्याखाली रॅमला जागा ३२ मिमी. हीटस्प्रेडर (वरचं धातूचं आवरण) नसलेली साधी रॅम तेवढ्यात बसते. दिवे लावलेली ४४ मिमीची रॅम असेल तर मात्र पंखा १२ मिमी वर घ्यावा लागतो. म्हणजे १६५ चे झाले १७७. कॅबिनेटची मर्यादा १७० असेल तर पॅनल ७ मिमी बाहेर राहणार. एका मित्राने अशा वेळी पॅनल दाबून स्क्रू आवळले. काच पंख्याच्या चौकटीवर टेकली आणि मशीन चालू झालं की सतत घरघर. काचेवरचा तो दाब शेवटी कूलरवर आणि तिथून मदरबोर्डवरच जातो, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

याला माझा उपाय ठरलेला आहे: पुढचा पंखा काढून टाका, दोन टॉवरमधला ठेवा. डी१५ मध्ये एकाच पंख्यावर रॅमला ६४ मिमी जागा मिळते. तापमान थोडं वाढेल, पण रोजच्या कामात ते जाणवणार नाही. अजून रॅम घेतलीच नसेल तर सरळ बुटकी घ्या. त्या दिव्यांवर तसाही पंखा येणार आहे.

पंखा अडतो म्हणून दोन्ही रॅम सॉकेटपासून (सीपीयू बसतो त्या जागेपासून) लांबच्या दोन स्लॉटमध्ये सरकवणारेही भेटतात. हे करू नका. चार स्लॉटच्या नेहमीच्या बोर्डावर सॉकेटकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. तिसऱ्या-चौथ्यात दोन्ही लावल्या की त्या एकाच चॅनलवर (सीपीयूकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर) जातात आणि मेमरीचा वेग निम्म्यावर येतो. संगणक सुरू होतो, त्यामुळे ही चूक महिनोन्महिने कळतही नाही.

दुसरी चूक क्रमाची. सीपीयूला वीज देणारी आठ पिनांची केबल बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते. आधी कूलर बसवला की त्या कोपऱ्यात दोन बोटंही धड जात नाहीत. एकीकडे हीटसिंकच्या पात्या, दुसरीकडे कॅबिनेटचं छत. पात्यांच्या कडांनी बोटांची सालं निघतात आणि केबल अर्धवटच बसते. मग पंखे फिरतात पण स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि माणूस बोर्ड खराब म्हणून परत करायला निघतो. म्हणून बोर्ड बाहेर असतानाच सीपीयू, रॅम, कूलरखाली झाकली जाणारी एम.२ एसएसडी (बोर्डावर चपटी बसणारी स्टोरेजची पट्टी) आणि बॅकप्लेट (बोर्डामागची आधाराची प्लेट) लावून घ्या. मग बोर्ड आत ठेवा, आठ पिनांची केबल लावा. वरच्या कडेचे पंख्यांचे हेडर (वायर जोडायच्या पिना) कूलरखाली जाणार असतील तर त्यांच्या वायरीही तेव्हाच लावून बाहेर काढून ठेवा. कूलर त्यानंतर, आणि ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी. कॅबिनेट आडवं ठेवूनच काम करा. सव्वा किलोहून जड वस्तू उभ्या बोर्डावर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने स्क्रू शोधणं म्हणजे सॉकेटशी खेळ आहे.

पेस्ट (सीपीयूची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) लावण्याआधी मी कूलर एकदा कोरडाच ठेवून बघतो. पंख्याची तारेची क्लिप रॅमला लागते का, व्हीआरएमचा (सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागाचा) हीटसिंक आड येतो का, ग्राफिक्स कार्डच्या मागच्या प्लेटपासून किती अंतर उरतं. पाच मिनिटं लागतात. नवशिक्यांना तेवढी पाच मिनिटंही जड वाटतात, आणि मग तीच माणसं पेस्ट पुसून पुन्हा लावत बसतात.

कूलरच्या तळाची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म काढा. दर वेळी सांगावं लागतं.

स्क्रू एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा धरू नका. दोन्ही आलटून पालटून, दोन-दोन फेरे.

एएमडीच्या एएम५ सॉकेटवर मूळ बॅकप्लेट काढू नका, ती सॉकेटचाच भाग आहे. वरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तेवढ्या काढायच्या. इंटेलकडे एलजीए१२०० सॉकेटच्या भोकांचं अंतर ७५ मिमी आणि एलजीए१७०० चं ७८ मिमी आहे. जुन्या कूलरला बसवण्याची नवी किट मागवा. ओढून-ताणून बसवलेला कूलर सीपीयूवर सपाट टेकत नाही.

आता काढण्याबद्दल, कारण जागा कमी असली की कूलर एकदा तरी काढावा लागतोच. एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटच्या सीपीयूला पिना खालून असतात आणि सॉकेट त्याला फक्त कडेच्या खटक्याने धरून ठेवतं. काही वर्षांपूर्वी मी घाईत थंड मशीनवरचा कूलर सरळ वर ओढला. खटका बंदच होता, तरी वाळलेल्या पेस्टला चिकटून सीपीयू सॉकेटमधून निघून आला, आणि हातातला कूलर रॅमच्या कडेला टेकला. कोपऱ्यातल्या चार पिना आडव्या झाल्या. शिसं काढलेल्या यांत्रिक पेन्सिलचं ०.७ मिमीचं टोक एकेका पिनेवर चढवून, भिंग धरून, त्या सरळ करायला रात्रीचे दोन तास गेले. एकही तुटली असती तर तो सीपीयू बहुधा गेलाच असता.

तेव्हापासून एएम४ चा कूलर काढण्याआधी मी मशीनवर दहा मिनिटं जड काम चालवतो, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून, प्लग काढून, स्क्रू सोडवतो आणि कूलर जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवतो. तो सुटल्याचं हाताला कळतं. कळलं नाही तर उचलत नाही, पुन्हा फिरवतो.

आणि कॅबिनेट गाडीतून दुसरीकडे न्यायचं असेल, तर एवढा जड कूलर काढून वेगळा न्या.