बोअरच्या जुन्या दोराने नावेचा काठ बांधताना

गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात नाव चालवणाऱ्याला काठाची काळजी सांगावी लागत नाही. बुडालेल्या झाडांचे खुंट, बांधाचे दगड, आणि वारा सुटला की शेजारी बांधलेली नाव. सगळा मार काठावर. माझी नाव सागाच्या फळ्यांची आहे, तिची फळी चेपते. फायबरच्या नावेचा वरचा थर तडकला की पाणी आतल्या काचेच्या धाग्यांत शिरते. काठाला बाहेरून जाड दोर बांधला की हा मार दोर खातो.

नवा दोर घेऊ नका, भाऊ. शेतात बोअरची मोटर वर काढली की तिचा हिरवा-निळा प्लास्टिकचा दोर बरेच जण टाकून देतात, तो मागून आणा. बोअरच्या तोंडाशी उन्हात राहिलेला भाग चोळला की भुसा निघतो. तेवढा कापून टाका. आत खोल राहिलेल्या दोराला ऊन लागलेलेच नसते, तो धड निघतो. अंबाडीचा दोर मला कितीही आवडत असला तरी इथे नको, तो पाणी धरून ठेवतो आणि मागची फळी कुजते. दोरामागे बारदाना कोंबू नका तो याचसाठी. पाणी निथळलेच पाहिजे.

एक दोर बारीक पडतो, म्हणून तीन दोरांची वेणी घाला, पोरीच्या केसांची घालतो तशीच, पण कचकचून. सुतळीने काठाचा घेर मोजा आणि प्रत्येक दोर त्याच्या दीडपट घ्या. टोके जाळून वितळवा, वर धागा गुंडाळा. वेणी दोन झाडांमध्ये ताणून रात्रभर ठेवा, नाहीतर नंतर ती लोंबते.

आता बांधणी. दोर चांगला असूनही काठ उघडा पडतो तो बांधणी चुकल्यानेच. काठाच्या दोन बोटे खाली, वीतवीतभर अंतरावर, एकाखाली एक अशी भोकांची जोडी पाडा. लाकडी नावेच्या भोकात डांबर भरा, फायबरच्या नावेत रेझिन, आणि वाळले की आरपार मोकळे करा. जाळ्याचा जाड नायलॉन धागा तिपदरी करून आतून वरच्या भोकातून काढा, वेणीच्या पेडांमधून ओवा, खालच्या भोकातून परत आत आणून गाठ मारा. धागा वेणीवरून नेला तर पहिल्या घासणीतच तो तुटतो. तार तर नकोच, ती पेड कापते. प्रत्येक गाठ वेगळी मारा, म्हणजे एक सुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात. सुरुवात नाकापासून करा आणि दोन्ही बाजूंनी ताणत मागे या. नाकावर वेणी दुहेरी घ्या.

ज्या बाजूने जाळे ओढता तिथे मात्र वेणी नको. जाळ्याचे घर पेडांत अडकते, जाळे फाटते. तेवढ्या जागेत काळा पाण्याचा पाइप उभा चिरून काठावर चढवा आणि त्याच धाग्याने बांधा.