ट्रेलरमधलं स्वयंपाकघर: या चुका टाळा, नाहीतर घाट त्या दाखवून देईल

छोट्या कॅम्पर ट्रेलरमध्ये ओटा करायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा कडप्पाच आला. घरच्या कामातला एक तुकडा शिल्लक होता, म्हणजे फुकटच. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरनं तो एका कडेनं उचलून बघितला आणि विचारलं, "साहेब, ट्रेलर फिरवायचा हाय, का दारातच ठेवायचा?" चार बाय दोन फूट आणि २० मिलिमीटर जाडीचा कडप्पा सुमारे ४० किलो भरतो. तेवढ्याच मापाचा १२ मिलिमीटरचा प्लाय ६ किलोच्या आसपास. तुकडा परत परसात गेला, आता त्यावर कपडे धुतले जातात.

बाकीच्या चुका मात्र मी मनापासून केल्या.

सगळ्यात मोठी चूक वजनाच्या जागेची. मागचं दार उघडून उभ्यानं रस्सा करता यावा म्हणून स्वयंपाकघर मागच्या टोकाला घेतलं. शेगडी, सिलिंडर, डबे आणि पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन, सगळं चाकांच्या मागे. कागलच्या बाजूला हायवेवर वेग घेतला तसा ट्रेलर शेपटी हलवायला लागला. पाण्याचेच ४० किलो मागे होते, त्यामुळे गाडीला जोडायचा पुढचा दांडा हलका झाला होता. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार दांड्यावर यायला हवा. ४०० किलोचा ट्रेलर असेल तर ४० ते ६० किलो, म्हणजे घरातल्या वजनकाट्यावरही मोजता येतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा, दांडा नेहमीच्या उंचीवर काट्यावर टेकवा. भार कमी भरला तर पाणी चाकांच्या पुढे, तळाशी घ्या. हा उपाय बिनपैशाचा आहे. आणि चालताना ट्रेलर डुलायला लागलाच तर वेग वाढवू नका, कचकन ब्रेकही मारू नका. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढा.

ट्रॉली उघडते, स्क्रू ढिले होतात

घरच्या ट्रॉलीला असतं तसलं लोहचुंबक लावून मी गगनबावड्यामार्गे कोकणात निघालो. करूळ घाटातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावरच मागं धडाम आवाज झाला. कांदा-लसूण चटणीची काचेची बरणी आणि तेलाचा डबा एकत्र नांदत होते. पुढचे दोन महिने ट्रेलरला चटणीचा वास येत होता. चुंबक काढा, प्रत्येक खणाला साधी कडी किंवा छोटा टॉवर बोल्ट लावा. काचेऐवजी स्टीलचे डबे घ्या आणि खाली रबरी मॅट टाका. जड डबे वरच्या फडताळात ठेवायचा मोह तर नकोच.

प्लायच्या जाडीत मारलेले स्क्रू घरी वर्षानुवर्षं टिकतात, इथं हादऱ्यानं भोक मोठं होतं. आरपार नट-बोल्ट, आत एल पट्टी आणि नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यानं न सुटणारा) नट असं काम करा. भोक आधीच सैल झालं असेल तर लांब स्क्रूच्या नादी लागू नका, जागा बदला.

गॅस: इथं काटकसर नको

"खिडकी उघडी आहे की" हे उत्तर मीही द्यायचो. पण एलपीजी हवेपेक्षा जड. गळलेला गॅस खिडकीपर्यंत चढत नाही, फरशीवर साठतो. म्हणून सिलिंडर ५ किलोचा असला तरी त्याचा कप्पा ट्रेलरच्या आतल्या बाजूनं हवाबंद हवा आणि तळाला बाहेर उघडणारी जाळी हवी. नळी आयएसआय खुणेची सुरक्षा नळीच घ्या, पाण्याची पाइप चालत नाही. पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, घाला, नाहीतर हादऱ्यानं पत्र्याची धार नळी कापते. प्रवासात रेग्युलेटर बंद. मुक्कामी पोहोचलात की जोडांवर साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले तर चहा विसरा.

ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडत असतील तर बहुधा रस्त्याची धूळ बर्नरमध्ये किंवा हवेच्या भोकात बसली आहे. साफ करा. पाऊस आला म्हणून दार-खिडक्या लावून रांधू नका, आणि थंडीत शेगडी शेकोटीसारखी तर कधीच वापरू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेगडीमागं एसीपी (दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेलं) शीट दिसायला झकास असतं, पण साध्या शीटच्या पोटात प्लास्टिक असतं. त्याऐवजी स्टीलच्या पत्र्याचा तुकडा, मागं थोडी पोकळी सोडून, बसवा.

पंप रडतो

१२ व्होल्टचा छोटा पंप बॅटरीजवळ धो धो चालतो आणि ओट्यापाशी लावला की रडतो. दोष बहुधा वायरचा. पंप ५ ॲम्पियर ओढत असेल आणि बॅटरी ५ मीटर लांब असेल तर ०.७५ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये जाऊन-येऊन सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच जातात. २.५ ची तांब्याची वायर घ्या, फ्यूज बॅटरीलगत लावा. पायानं दाबायचा पंप मिळाला तर हा सगळा ताप वाचतो. मला तोच आवडतो.

पावसाचं काय सांगायचं, आपल्याकडे तो विचारून येत नाही. प्लाय फुगतो तो कापलेल्या कडेनं, म्हणून बसवण्याआधी कडांना आणि बेसिनसाठी कापलेल्या भोकाला रंगाचे दोन हात द्या. आंबूस वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं, न्यूट्रल मागा.

सगळं झालं की थेट घाटात नेऊ नका. कॅन भरा, डबे भरा, रंकाळ्याभोवती स्पीडब्रेकर न चुकवता दोन फेऱ्या मारा आणि पाना घेऊन आत शिरा. पहिल्या वेळी माझे सात नट ढिले निघाले, त्यातले तीन सिलिंडरच्या पट्ट्याचे होते.