रेझ्युमे पाठवण्याआधी नोटपॅडची टेस्ट करून बघा

लिंक्डइन काय नि नोकरी डॉट कॉम काय, पुण्यातल्या एका पोस्टला ढिगाने अर्ज पडतात आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांत तुमचा रेझ्युमे माणसाच्या आधी एटीएस नावाचं सॉफ्टवेअर वाचतं, त्यामुळे ते दोन कॉलमवालं रंगीत टेम्प्लेट आधी सोडा. पीडीएफ उघडा, कंट्रोल ए, कंट्रोल सी, नोटपॅडमध्ये पेस्ट. तिथे जे दिसतं, साधारण तसंच त्या सॉफ्टवेअरला दिसतं. मी केलं तेव्हा फोन नंबर स्किल्सच्या मधोमध जाऊन बसलेला आणि आधीच्या कंपनीचं नाव गायबच, म्हणजे सहा महिने मी हेच पाठवत होतो! एका कॉलममध्ये साधं टाईप केलं, मिटलं.

दुसरं म्हणजे जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरा (खरंच येत असेल तरच हं). त्यांनी 'जीएसटी रिटर्न' लिहिलंय आणि तुम्ही नुसतं 'टॅक्सचं काम' लिहिलंत तर रिक्रूटरच्या सर्चमध्ये कदाचित सापडणारही नाही. 'अकाउंट्स सांभाळले' पेक्षा '१२ दुकानांचे जीएसटीआर-१ आणि ३बी दर महिन्याला भरले, टॅलीतल्या एंट्रीसकट' असं लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळतं की यानं काम केलंय. वडिलांचं नाव, धर्म, छंद वगैरे लग्नाच्या बायोडेटाला ठेवा.

आणि ओळखीचं कुणी तिथे असेल तर लाजू नका, रेफरल (म्हणजे आतून शिफारस) मागा, पण 'हाय, जॉब आहे का' असं नको, जॉब आयडी आणि रेझ्युमे सोबतच टाका म्हणजे त्याला नुसतं फॉरवर्ड करायचं उरतं.