डिस्चार्जचा अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा या चुकांमुळे

चार्जशीट वाचली, यात काही दम नाही असं वाटलं, दिला टाकून डिस्चार्जचा अर्ज, म्हणजे खटला सुरू होण्याआधीच आरोपीला सोडा अशी मागणी. माझा पहिला अर्ज मी असाच टाकला होता, साक्षीदारांच्या जबाबातल्या विसंगती शोधून शोधून २२ पानं भरली आणि जजसाहेबांनी एवढंच विचारलं, "वकीलसाहेब, हे उलटतपासात विचारायचं की आत्ताच?" अर्ज नामंजूर.

सगळ्यात मोठी चूक हीच. या टप्प्यावर साक्षीदार खोटा बोलतोय हे म्हणायचंच नाही. म्हणायचं ते असं की हा जे बोलतोय ते सगळं खरं धरलं तरी माझ्या अशिलाविरुद्ध उरतं काय? सुप्रीम कोर्टाने १९७९ साली प्रफुल्लकुमार सामल केसमध्ये सांगून ठेवलंय की जज म्हणजे काही पोस्ट ऑफिस नाही, पुरावा मर्यादित हेतूने चाळून बघता येतो, आणि नुसता संशय असेल, गंभीर संशय नसेल, तर आरोपीला सोडता येतं. पण चाळणं वेगळं आणि मिनी ट्रायल, म्हणजे या टप्प्यावरच छोटा खटला चालवणं, वेगळं.

मी आता काय करतो, एक कोरा कागद घेतो, डावीकडे आरोपी नंबर आणि समोर चार्जशीटचा पान नंबर. समजा आपला आरोपी नं. ४. एफआयआरमध्ये नाव नाही, ओळखपरेड नाही, जप्ती नाही, सीडीआर (मोबाइल कॉलची नोंद) नाही, नाव आलंय फक्त आरोपी नं. २ ने पोलीस कोठडीत दिलेल्या निवेदनात, आणि त्यातून जप्त झालं तेही नं. २ च्याच घरातून. पोलिसांसमोरची कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ ने बाद होते, ज्या भागामुळे वस्तू सापडली तेवढाच चालतो, आणि त्या जप्तीचा नं. ४ शी काय संबंध? सहआरोपीच्या पोलिसांपुढच्या अशा निवेदनावर चार्ज फ्रेम (आरोप निश्चित) होत नाही, हे २०१९ च्या दीपकभाई पटेल निकालात आहे. असा अर्ज ४ पानांत होतो, आणि सरकारी वकिलांना से (लेखी उत्तर) देताना पान नंबर दाखवावाच लागतो. फक्त पुरवणी चार्जशीट वाचल्याशिवाय "काहीच नाही" असं लिहू नका, तोंडघशी पडाल.

आपली कागदपत्रं जोडणं ही दुसरी चूक. अशील म्हणतो मी त्या दिवशी लग्नात होतो, हा घ्या व्हिडिओ. ठेवा बाजूला. देबेंद्रनाथ पाधी (२००४) नंतर चार्जच्या वेळी आरोपीचे कागद बघत नाहीत, अगदी निर्विवाद दर्जाच्या कागदाचा अपवाद सोडला तर, आणि लग्नाचा व्हिडिओ त्यात बसत नाही.

मग वेळ. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आली आणि डिस्चार्जच्या अर्जाला ६० दिवसांची मुदत आली, सेशन्स केसला (कलम २५०) कमिट झाल्यापासून (मॅजिस्ट्रेटने केस सेशन्सकडे पाठवल्यापासून), मॅजिस्ट्रेटकडच्या पोलीस रिपोर्टवरच्या वॉरंट केसला (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याची, कलम २६२) कागदपत्रांच्या नकला मिळाल्यापासून. आधीपासून चालू असलेल्या केसेस सीआरपीसीच्या कलम २२७, २३९ खालीच. आणि एकदा चार्ज फ्रेम झाला की डिस्चार्ज विषय संपला, मग एक तर निर्दोष नाहीतर शिक्षा. "पुढच्या तारखेला टाकू" करत बसलेले कितीतरी बघितलेत.

चेक बाउन्समध्ये डिस्चार्जचा अर्ज टाकणारेही आहेत! ती समन्स केस (दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची), तिथे सीआरपीसीत डिस्चार्जची तरतूदच नव्हती. बीएनएसएसमध्ये मात्र कलम २७४ च्या परंतुकाप्रमाणे आरोप निराधार वाटला तर मॅजिस्ट्रेट कारणं नोंदवून आरोपीला सोडतो, आणि त्याचा परिणाम डिस्चार्जचाच.

मागणीही सगळी किंवा काहीच नाही अशी करू नका. पूर्ण सोडत नसतील तर निदान जड कलम वगळा, अशी पर्यायी मागणी लिहाच, कधीकधी तेवढ्यानं केस सेशन्समधून मॅजिस्ट्रेटकडे उतरते.

आणि अर्ज मंजूर झाला तर अशिलाला पेढे वाटण्याआधी सांगा की दोषमुक्त (डिस्चार्ज) म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, नवीन पुरावा आला तर परत आरोपी होता येतं, शिवाय सरकार रिव्हिजनला (वरच्या कोर्टात फेरतपासणीला) जाऊ शकतं. नामंजूर झाला तर तो रस्ता आपल्यालाही आहे, मुदत ९० दिवस, म्हणून आदेशाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका.