उद्या सकाळी फोटो हवेत? इमारतींचे फोटो एडिट करताना या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी साताऱ्याजवळच्या एका बंगल्याचे फोटो मी एडिट करत होते. शूट संध्याकाळी सहाला संपलं. फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हवे होते, कारण अकराला आर्किटेक्ट सरांची एका नव्या क्लायंटबरोबर मीटिंग होती. रात्रभर बसून ४२ फोटो दिले. सव्वादहाला सरांचा फोन आला.

"अगं, काम छान झालंय. पण हा दगड माझा नाही."

बंगल्याचं जोतं आणि दर्शनी भिंत घडीव काळ्या दगडाची आहे. आपल्याकडचा हा काळा दगड नीट पाहिला तर राखाडी असतो आणि त्याला किंचित तपकिरी झाक असते. माझ्या निम्म्या फोटोंत तो शाळेच्या पाटीसारखा निळसर झाला होता. चूक साधी होती. पहिला फोटो उन्हातला होता. त्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे करायची रंगांची दुरुस्ती) ठरवला आणि तोच बाकी सगळ्या फोटोंवर सिंक करून टाकला, म्हणजे जसाच्या तसा लावला. सावलीतल्या भिंतीवर सूर्याचा नाही, निळ्या आकाशाचा उजेड पडतो. उन्हासाठी ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) बरोबर असलं तरी सावलीतल्या फोटोला ७००० ते ७५०० लागतं. सरांनी तो दगड स्वतः खाणीवर जाऊन निवडला होता, आणि मीटिंगमध्ये त्यांना तो निळा दाखवावा लागला. मला १९ फोटो पुन्हा करावे लागले.

तेव्हापासून घाईचं काम आलं की मी एकच हिशोब करते: कोणती चूक झाली तर काम परत करावं लागेल? रात्र खाते ती ही दुरुस्ती. तिला आळा घातला की बारा-पंधरा तासांत चांगलं काम होतं.

न विचारताच कामाला बसणं

शूटहून आल्यावर लगेच कार्ड लॅपटॉपला लावून सुरुवात करायची, ही पहिली चूक. आधी पाच मिनिटांचा फोन करा. "मॅडम, उद्या सकाळी आधी कोणते ५ फोटो लागतील?" या एका प्रश्नाने माझ्या कितीतरी रात्री वाचल्या आहेत. आर्किटेक्टला ४० फोटो हवे असतात हे खरं, पण सकाळी अकरा वाजता ४० लागत नाहीत. प्रेझेंटेशनला ६, स्पर्धेच्या अर्जाला ८ ते १०, बाकीचे परवा चालतात. हे दोन टप्पे फोनवरच ठरवून घ्या आणि मेसेजमध्ये लिहून पाठवा.

फोटो कुठे जाणार तेही विचारा. ए-३ पानावर ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापायचा तर ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ६००० बाय ४००० असतो, म्हणजे क्रॉप करायला फारशी जागा उरत नाही. हे रात्री दोन वाजता, सगळं क्रॉप करून झाल्यावर कळण्यात अर्थ नाही.

ओळंबा न लावणं

गवंडी भिंत चढवताना दर दोन-तीन थरांनी ओळंबा सोडतो. आपणही फोटोला तो लावला पाहिजे, आणि तोही सगळ्यात आधी. कॅमेरा जरा वर केला की उभ्या कडा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि बंगला मागे रेलल्यासारखा दिसतो. सामान्य माणसाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. आर्किटेक्टला मात्र पहिल्या नजरेत तेच दिसतं.

क्रम असा ठेवा. आधी एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं लेन्स प्रोफाइल सुरू करा, म्हणजे वाइड लेन्समुळे बाक आलेल्या कडा सरळ होतील. मग ट्रान्सफॉर्म, म्हणजे झुकलेल्या कडा उभ्या करायचं साधन. हे उलटं केलं तर बाकदार कडेवर सरळ रेष ठेवून मोजमाप होतं आणि कोपरे चुकतात. लाइटरूम या सॉफ्टवेअरमधलं ऑटो बऱ्याच वेळा चालतं, पण समोर नारळाची झाडं किंवा तिरका जिना असला की ते फसतं. तिथे गाइडेड घ्या आणि रेषा स्वतः ओढा. दोन उभ्या रेषा शक्य तितक्या लांबच्या कडांवर ठेवा: एक डावीकडच्या कोपऱ्यावर, एक उजवीकडच्या. मी पूर्वी दाराच्या चौकटीवर रेषा ठेवायचे. जुन्या घरात चौकटच ओळंब्यात नसते, मग तिच्या हिशोबाने अख्खं घर वाकडं होतं.

उंच इमारत अगदी जवळून, खालून काढली असेल तर कडा शंभर टक्के समांतर करू नका. वरचे मजले फुगल्यासारखे दिसतात, कारण डोळ्याला थोडा निमुळतेपणा अपेक्षित असतो. मी अशा वेळी किंचित कल सोडते. दोन-तीन मजली घराला मात्र ही सवलत नाही, तिथे कडा सरळच हव्यात.

आणखी एक. सरळ केल्यावर कडेचा बराच भाग कापला जातो. म्हणून तारा, खांब, गेटबाहेरची मोटारसायकल वगैरे काढायचं काम सरळ करण्याआधी कधीही सुरू करू नका. उजव्या कोपऱ्यातली तारांची गुंतवळ मी अर्धा तास बसून पुसली आणि क्रॉपमध्ये तो कोपराच गेला, असं माझ्या बाबतीत झालं आहे. आधी लेन्स आणि ओळंबा, मग क्रॉप, मग रंग आणि उजेड, साफसफाई त्यानंतर, आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी.

साहित्याचा रंग बदलणं

दगडाची गोष्ट सांगितलीच. जांभ्याच्या बाबतीत उलटी चूक होते. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या कामात जांभा खूप असतो. एखादा तयार प्रीसेट (आधीच ठरवलेली सेटिंग) लावला, व्हायब्रन्स (रंगांचा उठाव) वाढवला की तो भडक केशरी होतो. खरा जांभा विटकरी असतो, त्यात पिवळट आणि काळपट ठिपके असतात, छिद्रं असतात. ते ठिपके दिसेनासे झाले की समजा हात जास्त चालला. शूटच्या दिवशी दगड, लाकूड आणि फरशीशेजारी एक राखाडी कार्ड ठेवून एकेक फोटो काढून ठेवा. रात्री अंदाज बांधत बसावं लागत नाही.

खोल्यांमधला गोंधळ वेगळा असतो. छतातले दिवे ३००० केल्विनचे पिवळे, खिडकीतून येणारा दिवसाचा निळसर उजेड, शिवाय स्वयंपाकघरात ६५०० ची ट्यूब. एकाच आकड्याने हे तिन्ही सुधारत नाहीत. त्यामुळे व्हाइट बॅलन्सचा स्लायडर डावी-उजवीकडे हलवण्यात वीस मिनिटं घालवू नका. पांढऱ्या भिंतीला आणि छताला वेगळा मास्क करा (म्हणजे तेवढाच भाग निवडा), त्यातला पिवळा रंग उतरवा, आणि दिव्याच्या अगदी जवळची ऊब तशीच राहू द्या. आर्किटेक्टने तो दिवा विचार करून लावलेला असतो. हिरवळीमुळे पोर्चच्या छतावर हिरवी छटा येते, लाल फरशीमुळे पांढरं छत गुलाबी होतं. उपाय तोच: मास्क करून त्या भागाचं सॅच्युरेशन कमी करा. शूटच्या वेळी सगळे दिवे बंद ठेवून एक फोटो घेतला असेल तर काम अर्ध्यावर येतं.

आणि रात्री बसलात तर लॅपटॉपचं नाइट लाइट बंद आहे का, ते आधी पाहा. वेळ लावून ठेवली असेल तर संध्याकाळनंतर ते आपोआप सुरू होतं, स्क्रीन पिवळी पडते, आपण फोटोच पिवळसर समजून ते निळे करत जातो. माझा दगड निळा होण्यात त्याचाही हात होता, हे मला पुढे आठवडाभराने कळलं.

अंधार पुसून टाकणं

वाईकडच्या एका दुरुस्त केलेल्या वाड्याचे फोटो माझ्याकडे आले होते. ओटीवर ऊन, आत माजघर, आणि माजघरात वरच्या झरोक्यातून येणारी उजेडाची एकच तिरीप. मी कमी-जास्त उजेडाचे पाच फोटो (एक्स्पोजर) एकत्र केले, शॅडो (गडद भाग) पूर्ण वर, हायलाइट (उजळ भाग) पूर्ण खाली. सगळं स्वच्छ दिसायला लागलं. तुळईवरची प्रत्येक रेघ दिसली, कोनाडे दिसले, आणि माजघर मात्र गेलं. वाड्यात ओटीवरून आत जाताना उन्हातून गारव्यात शिरल्यासारखं वाटतं, ते त्या अंधारामुळे. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. सुदैवाने फोटो अजून पाठवले नव्हते. शॅडो निम्म्यावर आणले, कोपरे काळे होऊ दिले, तेव्हा ती तिरीप पुन्हा दिसली.

एकत्र केलेल्या फोटोंत हमखास येणाऱ्या अडचणी आणि त्यांची कारणं:

खिडकीभोवती पांढरी कड दिसते. हायलाइट-शॅडो टोकाला गेलेत, किंवा क्लॅरिटी (कडांचा उठाव) जास्त झाली आहे. दोन्ही मागे घ्या. तरी गेली नाही तर कमी एक्स्पोजरच्या फोटोतून फक्त खिडकीचा भाग मास्कने आणा. बाहेरचं दृश्य खोलीपेक्षा थोडं उजळच ठेवा, नाहीतर खिडकीवर पोस्टर चिकटवल्यासारखं दिसतं.

पंख्याला आठ-दहा पाती दिसतात, पडदा दुहेरी दिसतो. फोटो काढताना ते हलत होते. डीघोस्ट (हललेल्या गोष्टींच्या दुहेरी प्रतिमा काढणारी सोय) वापरा, पण ते जोरात लावलं तर त्या भागात दाणे येतात. मला सोपं वाटतं ते असं: मधल्या एक्स्पोजरचा फोटो वरच्या लेयरवर ठेवायचा आणि पंख्यापुरता रंगवायचा.

भिंतीवर आडवे पट्टे दिसतात. हे एलईडीच्या लुकलुकण्याने होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/१०० पेक्षा वेगवान असलं की पट्टे पकडले जातात. ते पुसत बसू नका. ब्रॅकेटमधला, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या त्या संचातला, सावकाश शटरचा फोटो उघडून पाहा, त्यात बहुतेक वेळा पट्टे नसतात.

मच्छरजाळीवर इंद्रधनुष्यासारख्या लाटा येतात. या लाटांना मॉइरे म्हणतात; ब्रशमध्ये मॉइरेचा स्लायडर आहे, जाळीपुरता फिरवा.

आकाश बदलणं, आणि जे आहे ते पुसणं

आषाढात साताऱ्यात शूट केलं की आकाश पांढरंफट्ट मिळतं आणि आकाश बदलायचा मोह होतो. एका कामात बंगल्यामागे अजिंक्यतारा किल्ला दिसत होता. एडिट करणाऱ्या मुलाने एका क्लिकमध्ये मावळतीचं आकाश टाकलं. फोटो देखणा झाला. पण सॉफ्टवेअरने किल्ल्यावरचा दूरदर्शनचा मनोरा आकाशाबरोबर गिळला होता. शिवाय अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला, आणि सूर्य मावळतो पश्चिमेला, यवतेश्वराच्या बाजूला. हे सातारकर माणसाला सांगावं लागत नाही. त्यात बंगल्यावर सावल्याच नव्हत्या, कारण दिवस ढगाळ होता. आकाश बदलायचंच असेल तर ढगाळ फोटोला ढगाळच, जरा आकार असलेलं आकाश द्या, काचांमधलं प्रतिबिंब जुळतंय का बघा, आणि डोंगराची कड शंभर टक्के झूम करून तपासा.

पुसण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. कचरा, बादली, गिलाव्याचा डाग, उभी केलेली गाडी हे आज आहे, उद्या नसेल. ते खुशाल काढा. पण समोरचा विजेचा डीपी, शेजारच्या इमारतीची भिंत, छज्ज्याला गेलेला तडा हे तिथेच राहणार आहे. ते काढलं तर फोटो पाहून घर घेणारा माणूस फसतो. क्लायंटने आग्रह धरला तर मी स्पष्ट नाही म्हणते. त्याऐवजी जरा बाजूने घेतलेला दुसरा अँगल सुचवते. बहुतेकांना ते पटतं.

पाठवताना

मोबाइलवर रंग फिके दिसतात अशी तक्रार आली तर एक्स्पोर्ट अ‍ॅडोब आरजीबी या रंगपद्धतीत गेलं आहे का पाहा. स्क्रीनसाठी नेहमी एसआरजीबी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, दगडाचा पोतच निघून जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. फाइलची नावं १, २, ३ अशी न देता 'पोर्च-संध्याकाळ', 'जिना-वरून' अशी द्या, म्हणजे फोनवर दुरुस्ती सांगताना दोघांचा गोंधळ होत नाही.

शक्य असेल तर पाठवण्याआधी तासभर झोपा आणि उठल्यावर सगळे फोटो एकामागून एक, छोटे करून, एका स्क्रीनवर पाहा. ज्या फोटोतला दगड बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो, तो तिथे लगेच कळतो. आणि कार्ड फॉरमॅट करायचं ते फोटोंच्या दोन कॉपी वेगवेगळ्या डिस्कवर गेल्यावर आणि क्लायंटचा "मिळाले, उघडले" असा निरोप आल्यावरच.